छोटी होडी बरी की मोठी बोट? पैसे मोजण्याआधी किनारा बघा

वांद्रे : वांद्रे हे नाव 'बंदर' या शब्दावरून पडलं, असं सांगतात. पण आज याच वांद्र्यात चिंबईच्या कोळीवाड्यात गेलात तर मोठा धक्का दिसत नाही. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, आजूबाजूला काळे खडक आणि मागे उंच इमारती. घरातला मुलगा कमावता झाला, जुनी होडी गळायला लागली की इथल्या घराघरात एकच विषय निघतो. पुन्हा तेवढीच होडी घ्यायची, की कर्ज काढून मोठी बोट करायची? डहाणूपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हाच प्रश्न असतो. चिंबईला तो जरा उघडा दिसतो, एवढंच.

बहुतेक जण सुरुवात मासळीपासून करतात. लांब गेलं की सुरमई मिळते, घोळ मिळते, जवळ काही उरलं नाही, हे ऐकून माणूस मोठ्या बोटीकडे वळतो. त्यात खोटं नाही. मिठी नदीतून माहीमच्या खाडीत येणारं घाण पाणी आणि किनाऱ्यावरचे भराव यांनी जवळच्या मासेमारीचं नुकसान केलंय. पण बोट किती मोठी घ्यायची, हे मासळीच्या आधी किनारा ठरवतो. ती उभी कुठे करणार?

वीस-पंचवीस फुटांची फायबरची होडी आठ-दहा माणसं ओंडक्यांवरून वर ओढू शकतात. वादळाचा इशारा आला की ती तासाभरात भरतीच्या रेषेच्या वर जाते. पंचेचाळीस-पन्नास फुटांची लाकडी बोट अशी ओढता येत नाही. तिला खोल पाणी आणि खाडीचा आडोसा लागतो. म्हणजे चिंबईच्या माणसाने मोठी बोट घेतली तर ती बहुधा चिंबईला राहणारच नाही. ती वर्सोव्याच्या खाडीत नाहीतर भाऊच्या धक्क्याला उभी राहणार. मग रोजचं जाणं-येणं आलं, राखणीचा माणूस आला. शिवाय वर्सोव्याच्या खाडीतही गाळाची तक्रार जुनी आहे. ओहोटीला पाणी उतरलं की बोट आत-बाहेर काढायला भरतीची वाट बघावी लागते. तुमच्या गावच्या खाडीचं तोंड उधाणाच्या भरतीला बघू नका. उधाणाच्याच दिवसांत, पण पूर्ण ओहोटीला जाऊन बघा.

वाट किती रुंद आहे हाही मुद्दा आहेच. माहीमच्या खाडीपलीकडे वरळीच्या कोळी बांधवांनी कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, ते याचसाठी. आराखड्यात ६० मीटर होतं. बराच संघर्ष झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटरला मान्यता दिली. वारा आणि ओढ असताना दोन खांबांमधून बोट नेणं काय असतं, ते तांडेलालाच कळतं. बोट जेवढी मोठी आणि जड, तेवढी ती वळायला जागा जास्त मागते.

आता डिझेल. डिझेल इंजिन पूर्ण जोरावर चाललं तर एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.२ लिटर खातं. एक सिलिंडरचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे तासाला २ लिटर. सकाळी जाऊन दुपारी आलात, पाच तास इंजिन चाललं, तर १० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ९०० रुपये. तेच सहा सिलिंडरचं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन जोरात असताना तासाला २० लिटर घेतं. नेहमीच्या चालीत १५ धरा. पाच दिवसांच्या फेरीत ६० तास इंजिन चाललं तर ९०० लिटर, म्हणजे ८१ हजार रुपये. त्यात बर्फ, खलाशांचा शिधा आणि जाळ्यांची दुरुस्ती अजून धरलेली नाही. सोसायटीमार्फत डिझेलचा परतावा मिळतो हे खरं, पण तो नंतर मिळतो. पंपावर पैसे आधी मोजावे लागतात. छोट्या होडीची एक फेरी फुकट गेली तर घरात भाजी-भाकरी होते. मोठ्या बोटीच्या दोन फेऱ्या फुकट गेल्या तर दलालाकडे उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की मासळीचा भाव त्याच्या हातात जातो.

मोठी बोट वेगाने जाते, असाही एक समज आहे. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो खरा, पण लांबी दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही. पाण्यातली लांबी २५ फूट असेल तर आरामात गाठता येणारा वेग ताशी साधारण १२ किलोमीटर. ४९ फुटांना तो साधारण १७ किलोमीटर. त्यापुढे इंजिन कितीही रेटा, लाटा मोठ्या होतात, धूर वाढतो आणि डिझेल जळतं. मोठ्या बोटीचा खरा फायदा वेगळा आहे. लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट झाल्या की आतली जागा आठपट होते. म्हणून बर्फ, पाणी आणि मासळी ठेवून चार-पाच दिवस बाहेर राहता येतं. पण ती आठपट जागा रिकामी परत आली तरी वाहून आणावीच लागते.

घरातल्या बाईचा धंदा मात्र हिशेबात कुणीच धरत नाही. छोट्या होडीची मासळी त्याच दिवशी किनाऱ्यावर येते, आणि कोळीण ती टोपलीत घेऊन बाजारात, दारोदार जाते. वांद्र्यासारख्या ठिकाणी ताज्या मच्छीला गिऱ्हाईक तोंडाने मागेल तो भाव देतं. पैसा रोज हातात येतो, तोही तिच्या. मोठ्या बोटीचा माल बर्फातून चार दिवसांनी भाऊच्या धक्क्यावर नाहीतर ससून डॉकला उतरतो. तिथे लिलाव होतो, वजन होतं, हिशेब पुढच्या आठवड्यात होतो. माल जास्त असतो, पण बाईच्या हातातला धंदा जातो. बोट घेण्याची बैठक घरात होते तेव्हा तिला विचारलं जातं का, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावं.

माणसांचंही तेच. छोट्या होडीवर बाप-लेक किंवा दोघे भाऊ पुरतात. मोठ्या बोटीला तांडेल आणि सात-आठ खलाशी लागतात. घरचे कमी पडले की बाहेरच्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून माणसं आणावी लागतात आणि हंगामाआधी त्यांना आगाऊ पैसे द्यावे लागतात. तो मधेच निघून गेला तर बोट धक्क्यालाच उभी राहते.

कर्जाचं साधं गणित घ्या. २० लाखांवर वर्षाला १० टक्के व्याज म्हणजे २ लाख, महिन्याला सुमारे १६,७०० रुपये. हे नुसतं व्याज, मुद्दल वेगळी. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हप्ता मात्र बंद नसतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात अनुदान ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के आहे. सध्या अर्ज घेतात का आणि कुठल्या आकाराच्या बोटीला, हे मत्स्य खात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, एजंटाला नको. मच्छीमारांना मिळणारं किसान क्रेडिट कार्ड डिझेल-बर्फासारख्या चालू खर्चासाठी आहे. त्यातले पैसे बोटीच्या किमतीत घातले की पहिल्याच फेरीला खिसा रिकामा.

मग छोटीच बरी? तसंही नाही. समुद्र अचानक खवळला तर मोठी बोट माणसं वाचवते, छोटी होडी उलटते. छोट्या होडीने किनारा दिसेल एवढ्याच पल्ल्यात राहावं, आणि आत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट असावीत. मोबाईलची रेंज पुढे जाते, म्हणून वायरलेस सेट असलेला बरा. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ घरच्यांनाही पाठ हवेत. ज्या गावाला धक्का आहे, खाडी खोल आहे, घरात चार कर्ते पुरुष समुद्रावर जाणारे आहेत आणि निम्मे पैसे स्वतःचे आहेत, त्यांनी मोठ्या बोटीचा विचार जरूर करावा. चिंबईसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र जुन्या होडीपेक्षा चार-पाच फूट मोठी आणि चांगल्या इंजिनाची होडी घेणं जास्त शहाणपणाचं दिसतं.

तरीही मन मोठ्या बोटीवरच असेल तर आधी एक हंगाम दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने जा. फेरीमागे खर्च किती, हाती किती, हे वहीत लिहा. जुनी बोट घेताना विकणाऱ्याच्या नावावर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज बाकी नाही, याचा लेखी दाखला मागा. नोंदणी, मासेमारी परवाना आणि विमा ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर आहे ना, तेही बघा. आणि पाण्यावर तरंगणारी बोट बघून व्यवहार करू नका. मेच्या अखेरीस बोटी वर घेतात, तेव्हा जा. ओळखीचा सुतार बरोबर न्या, तळाच्या फळ्या ठोकून बघायला सांगा, आणि इंजिन थंड असताना पहिल्यांदा चालू करायला लावा.