मैदान कुणाचं, तिकीट कुणाला?

पालघर-बोईसरकडून गाडीने चर्चगेटला उतरलात, तर जवळजवळ क्रिकेटची दोन मोठी मैदाने आहेत. दोन कशाला? भांडण झालं तिकिटांवरून!

ब्रेबॉर्न मैदान १९३७ सालचं. त्याचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. मोठे सामने भरवी मुंबई क्रिकेट संघटना. संघटना म्हणे, "सामने आमचे, बसायच्या जागा वाढवून द्या." क्लब म्हणे, "मैदान आमचं, आमच्या सभासदांचं काय?" खोटं कुणाचंच नव्हतं, पण फाटकाची किल्ली क्लबाच्या खिशात!

शेवटी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर नवंच मैदान उभं केलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजशी कसोटी सामना झाला. ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी व्हायला २००९ साल उजाडलं.