विमान नाही, लाँच आहे

आमच्यातला एकजण पंधरा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. तेव्हापासून त्याचं नाव कॅनडावाला. दोन-तीन वर्षांतून एकदा जानेवारीत सांगलीला येतो, माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर बसतो आणि तिकडचं सांगत राहतो. मी वायंडिंग भरत ऐकतो. हातातलं काम सहसा थांबत नाही. गेल्या खेपेला थांबलं.

तो चार मित्रांबरोबर मासे धरायला गेला होता. उत्तर ओंटारिओत, रस्ता जिथं संपतो त्याच्याही पुढं. विमान तळ्यात उतरलं, यांना काठावरच्या लाकडी खोपीपाशी सोडलं आणि निघून गेलं. पाच दिवसांनी न्यायला येणार. आसपास ना गाव, ना मोबाइलची रेंज. एक छोटी बोट, तिला एक मोटर, आणि पाण्यात वॉलाय आणि पाइक नावाचे मासे.

"आणि पाचव्या दिवशी विमान आलंच नाही तर?" आमच्यातले मास्तर म्हणाले.

"हवा वाईट असली तर येतच नाही. म्हणून दोन दिवसांचा शिधा जास्तीचा न्यायचा."

मला शिध्यात रस नव्हता. मी इंजिनाचं विचारलं. विमानाचं नाव बीव्हर. ते पहिल्यांदा उडालं १६ ऑगस्ट १९४७ ला. आपण इकडं आदल्या दिवशीचे पेढे खात होतो तेव्हा. नऊ सिलिंडरचं गोल इंजिन, ४५० हॉर्सपॉवर. १९६७ मध्ये कारखान्यानं ते बनवायचं थांबवलं, पण सोळाशेवर विमानं बनली होती आणि त्यातली कितीतरी अजून खोल-बांध करून उडवतात. इथंच माझा हात थांबला. जी वस्तू उघडता येते आणि परत बांधता येते, तिच्यावर माझा जीव आहे.

चाकांच्या जागी त्याला दोन लांबट पोकळ होड्या असतात, त्यांना फ्लोट म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. म्हणून नियम असा की, भरलेल्या विमानाचं जेवढं वजन, त्याच्या पावणेदोनपटीहून जास्त वजन त्या दोन फ्लोटनी मिळून तरंगवलं पाहिजे. शिवाय प्रत्येक फ्लोटच्या आत आडवे पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले. एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. तरी थोडं पाणी झिरपतंच. रोज सकाळी पायलट हातपंप घेऊन फ्लोटवर चालत जातो, एकेका कप्प्याच्या भोकावरचा रबरी चेंडू काढतो, पाणी उपसतो, चेंडू परत दाबतो. एवढं मोठं विमान आणि त्याला बूच कसलं, तर चेंडूचं. हे ऐकून मास्तरही खूश झाले.

सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढवतात. मार्केट यार्डात हळदीची पोती चढवतात तशी. कॅनडावाल्याचं वजन काट्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

आणि ब्रेक नाही. जमिनीवरचं विमान पायलट ब्रेक दाबून जागेवर धरतो. पाण्यावर पंखा फिरला की विमान निघालंच, म्हणून दोर आधी सोडायचा आणि मग इंजिन चालू करायचं. उडताना खरी कुस्ती पाण्याशी. ओल्या फरशीवर ठेवलेलं ताट जसं चिकटून बसतं, तसं पाणी फ्लोटला धरून ठेवतं. यावर उपाय म्हणून फ्लोटच्या तळाला मध्येच एक पायरी पाडलेली असते. वेग वाढला की विमान त्या पायरीवर उचललं जातं, मागचा तळ पाण्यापासून सुटतो, आणि मगच ते हवेत जातं.

"आपल्याकडं का नाही रे हे?" मास्तर म्हणाले.

आपल्याकडं झालंय, एकदा नव्हे. इंग्रजांच्या काळात, १९३० च्या दशकाच्या शेवटी, इंपीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी कराचीहून कलकत्त्याला जाताना राजस्थानातल्या राजसमंद तलावात उतरत. अलीकडं अंदमानात 'जल हंस' नावाचं सी-प्लेन आलं. २०१४ मध्ये जुहूहून लोणावळ्याजवळच्या पवना धरणात विमान उतरलं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर चाचणी झाली. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. गाजावाजा प्रत्येकीचा झाला, टिकलं त्यातलं काहीच नाही. आमच्या वाईजवळच्या धोम धरणाचं नावही सी-प्लेनच्या याद्यांत येऊन गेलंय. तिकिटाचा खर्च, प्रवाशांची वानवा ही कारणं सगळे सांगतात. माझ्या मते आणखी एक साधं कारण आहे. कॅनडातलं तळं हिमनदीनं कोरलेलं, बारा महिने जवळपास एकाच पातळीला. आपलं तळं म्हणजे धरण. ते ऑक्टोबरला काठोकाठ भरतं आणि मे महिन्यात पार खाली जातं. विमानाचा धक्का बांधायचा कुठं?

"मग लाँचनं जाऊ," मास्तर म्हणाले. अशी आमची मासे धरायची सहल ठरली. कॅनडावाल्यानं बॅगेतून एक डबी काढून दाखवली. फिश फाइंडर. पाण्यात आवाज सोडतो, परत आलेला आवाज मोजतो आणि तळ किती खोल, मासा कुठं, हे पडद्यावर काढतो. मास्तरांनी कोल्हापूर रोडवरून गळ, दोरा आणि शिसं घेतलं. तरंगायला मी जोंधळ्याच्या ताटाचा भेंड कापून घेतला, लहानपणी घेत होतो तसा.

पहाटे तीनला निघालो. कराड, सातारा, कासचं पठार. सप्टेंबरात इथं फुलांसाठी गर्दी असते, जानेवारीत नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. मग उतार आणि खाली बामणोली. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं तळं.

सांगलीच्या माणसाचं या पाण्याशी वेगळं नातं आहे. आम्ही ते बघायच्या आधी मोजायला शिकतो. पावसाळ्यात आमच्याकडं दोन आकडे तोंडपाठ असतात: कोयनेतून विसर्ग किती क्युसेक आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट. १९२९ चा तो पूल म्हणजे आमचा थर्मामीटर. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझ्या दुकानात एकतीस मोटारी होत्या, सगळ्या गाळात. उघडून वाळवायला दिवाळी उजाडली. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि मग ते पाणी आमच्या दारात येतं, हे भूगोलात शिकावं लागत नाही.

पण याच तळ्यातलं बरंचसं पाणी उलटं, पश्चिमेकडं जातं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात पोफळीकडं पडतं आणि त्यावर १,९२० मेगावॅटची जनित्रं फिरतात. म्हणजे इकडून आलेलं पाणी माझ्या मोटारी बुडवतं आणि तिकडं गेलेलं पाणी त्या चालवतं. मी या तळ्याचा दोन्हीकडून ऋणी आहे.

लाँचवाले मामा साठीचे असावेत. तरुणपणी मुंबईत गोदीत ओझी उचलली, आता लाँच. कॅनडावाल्यानं वासोटा किल्ल्याकडं बोट दाखवून विचारलं, तिकडं जंगलाच्या काठाला गळ टाकूया का?

"तिकडं नाय. ते अभयारण्य. गळ दिसला तरी पकडतील." १९८५ पासून तो काठ कोयना अभयारण्यात आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वासोट्याला जाणाऱ्यांनाही वनखात्याची परवानगी काढून, अंधाराच्या आत परत यावं लागतं. भिंतीकडचं पाणी तर सुरक्षेसाठी बंदच. मामांनी तापोळ्याच्या बाजूला, त्यांच्या ओळखीच्या वस्तीखाली नेलं. तिथल्या लोकांना आधी विचारलं, मग आम्ही गळ सोडले. वाटेत दरे गाव लागलं. एकनाथ शिंद्यांचं. मुख्यमंत्री असताना ते तिथं हेलिकॉप्टरनं येत.

"बघ," मास्तर म्हणाले, "अगदीच काही उतरत नाही असं नाही."

सकाळी नऊपर्यंत वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर की डोंगर कुठं संपतो आणि त्याची सावली कुठं सुरू होते, कळेना. मी म्हटलं, आज तुझं विमान लोण्यासारखं उतरलं असतं. तो म्हणाला, उलट. असल्या आरशासारख्या पाण्याला पायलट सगळ्यात जास्त भितो. लाट नसली की पाणी किती खाली आहे ते डोळ्यांना कळतच नाही. वीस फूट वाटतं आणि फ्लोट टेकलेला असतो. म्हणून तो काठाच्या झाडांवर नजर ठेवून, अगदी हळू, जिन्याच्या अंधारात पाय चाचपावा तसा खाली येतो.

मासे. तीन तासांत सात मिळाले. सातही चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला, आता प्रत्येक डबक्यात. आयर्विन पुलाखाली पोरं पिठाच्या गोळीवर धरतात तोच. दीडशे किलोमीटर येऊन आम्ही आमच्याच गल्लीतला मासा धरला.

कॅनडावाल्याला खडस हवा होता. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा मासा. वाहत्या पाण्याचा गडी, विणीला प्रवाहाच्या वर जाणारा. मध्ये भिंत आली की त्याचं बिनसतं. टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याच्या वळवण तलावावर १९७० नंतर त्याची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. आमच्या गळाला मात्र एकही आला नाही.

सर्वांत मोठी चिलापी कॅनडावाल्याला लागली. त्यानं ती ओल्या हातानं धरली, गळ सोडवला, फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिली.

मामा बघतच राहिले. "सोडलात?"

"तिकडं असंच करतात मामा. बरेच मासे सोडून द्यायचे."

"मग ओढलात कशाला त्याला वर?"

याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. उरलेल्या सहांचा वस्तीवर रस्सा झाला. कांदा-लसूण मसाला आम्ही सांगलीहून नेला होता, तांदूळ आणि चूल त्यांची.

संध्याकाळी परतताना कॅनडावाल्यानं फाइंडर पुन्हा पाण्यात सोडला. चौदा मीटर, मग सोळा, मग अठरा. तळाची रेघ सरळ उतरत नव्हती, थांबत-थांबत खाली जात होती. थोडी सपाट, मग एकदम खाली, परत सपाट.

"हे काय, जिना आहे का?" तो म्हणाला. "नैसर्गिक तळ असा नसतो."

मामांनी इंजिन मंद केलं आणि वाकून पडद्याकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताली हायेत," ते म्हणाले. "भाताच्या."

१९६० च्या सुमारास पाणी चढलं तेव्हा शंभराच्या आसपास गावं उठली. काही रायगड-ठाण्याकडं गेली, काही सोलापूर-सांगलीकडं, काही इथंच वर डोंगरात सरकली. समोरचं घनदाट जंगल मला सकाळपासून आदिम वाटत होतं. त्यातलं कितीतरी, माणसं गेल्यावर वाढलेलं आहे.

"तुमचं गाव कुठं होतं मामा?"

त्यांनी हातानं नुसतं दाखवलं, थोडं डावीकडं. आई सांगायची, म्हणाले, ते स्वतः तेव्हा कडेवर होते. तालींच्या खाली ओढा आणि ओढ्याच्या पलीकडं घर.

"जरा डावीकडनं घेऊ का?" त्यांनी आम्हालाच विचारलं. लाँच त्यांची होती.

कॅनडावाला काही बोलला नाही. त्यानं फाइंडरची डबी त्यांच्यासमोर फळीवर ठेवली. मामांनी सुकाणू वळवलं. एकवीस मीटर, तेवीस, मग एकदम सव्वीस आणि परत तेवीस.

"वढा," मामा म्हणाले, आणि इंजिन बंद केलं.