ब्रायन मेची गिटार आणि लाकडाचं खूळ

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायचं कुणी मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महोगनी कुठे मिळेल? सागाची फळी घरात पडलीय, ती चालेल का, असं विचारलं तर कुणीतरी जाणकार मान हलवतो आणि ब्रायन मेचा दाखला देतो. क्वीनच्या, म्हणजे आपल्या पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडच्या, या गिटारवादकाने घरी बनवलेल्या 'रेड स्पेशल'ची मान म्हणे शंभराहून जास्त वर्षं मुरलेल्या महोगनीची, म्हणून तो आवाज! हे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर देताना आता सूर चढतो.

गोष्ट अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती टिकून आहे. १९६३ मध्ये लंडनजवळच्या फेल्टममध्ये सोळा वर्षांच्या ब्रायनने वडील हॅरल्ड यांच्या मदतीने ही गिटार बनवायला घेतली, कारण विकतची चांगली गिटार परवडणारी नव्हती. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून कोरली आणि किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. इथवर सगळे सांगतात. बॉडीपाशी आले की मात्र गप्प होतात. तिच्यात जुन्या टेबलाचं ओक आहे आणि ब्लॉकबोर्ड आहे. होय, आपल्याकडे कपाटाची दारं करतात तोच ब्लॉकबोर्ड. वरून महोगनीचं विनियर चिकटवलं, की झाली 'महोगनीची' गिटार. ट्रेमोलोला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, त्याच्या दांड्याला विणायच्या सुईचं टोक, मानेवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. हाताशी होतं ते वापरलं. फायरप्लेसचं लाकूडही त्याच न्यायाने आलं.

मग आवाज कुठून येतो? तारांखालच्या पिकअपमधून. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. साध्या सिंगल-कॉइल पिकअपमध्ये ते आठ हजारांच्या आसपास असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. लाकूड चुंबकाच्या खिजगणतीत नाही. खात्री करायची असेल तर इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा चढवा. लाकूड तेच, वाजवणारा तोच, आणि ॲम्पमधून येईल शांतता.

खुद्द रेड स्पेशलची साक्ष काढू. ब्रायनने आधी पिकअपही घरीच बनवले होते. आवाज बरा होता, पण तार बोटाने आडवी ओढली की ती एका चुंबकाच्या ध्रुवावरून दुसऱ्याच्या ध्रुवाकडे सरकायची आणि मध्येच खरखर यायची. महोगनी तीच, ओक तोच. मग त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप आणले आणि शिट्टी मारू नयेत म्हणून ते ॲरल्डाइटने भरले. तिन्ही सिरीजमध्ये जोडले आणि प्रत्येकाला चालू-बंदचा एक व फेज उलटा करणारा एक, असे सहा स्विच दिले. तो ओळखीचा आवाज या जोडणीत आहे. त्यात प्लेक्ट्रमऐवजी सहा पेन्सचं नाणं, पुढे ट्रेबल बूस्टर आणि त्यापुढे व्हॉक्स एसी-३०. या साखळीतला एक दुवा बदला, कुणालाही फरक कळेल.

याहून जुना पुरावा हवा? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारांपैकी एक. ती चक्क ओतीव ॲल्युमिनियमची होती.

लाकडाचं काहीच काम नाही, असं मात्र मी म्हणत नाही. तारेची ऊर्जा मान आणि बॉडी किती शोषून घेतात, यावर सूर किती वेळ टिकतो हे ठरतं. पाते, ल कारू आणि फाब्र या फ्रेंच संशोधकांनी २०१४ मध्ये अमेरिकन अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात याचंच गणित मांडलं आहे. मान जिथे जास्त हलते, तिथला सूर लवकर मरतो. तेव्हा मान ताठ, वाळलेल्या, न पिळवटणाऱ्या लाकडाची हवी. साग उत्तम. पण सूर किती टिकतो हा एक प्रश्न झाला आणि महोगनीची 'ऊब' हा दुसरा. या उबेवर लोक हजारो रुपये घालवतात आणि पिकअप मात्र सर्वांत स्वस्त घेतात!

हे खूळ येतं कुठून, तेही उघड आहे. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा आणि तबलीच हवा हलवतात, त्यामुळे तिथे लाकडाची पारख हेच कारागिराचं भांडवल. तो नियम भरीव बॉडीच्या गिटारीला लावला की फसगत होते.

किरकोळ गैरसमजही बरेच आहेत. पडदे म्हणे कानानेच बसवावे लागतात. छे, भागाकार येतो ना? ६४८ मिलिमीटरच्या तारेला १७.८१७ ने भागलं की ३६.४ येतात, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत जा. बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर आला नाही तर हिशेब चुकलाय.

ट्यूबचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा असतो, हाही असाच एक समज. वॅट म्हणजे वॅट. ट्यूब ॲम्प मर्यादेपलीकडे रेटला तरी कानाला गोड लागतो, म्हणून आपण तो जास्त रेटतो, इतकंच. आणि ट्यूबशिवाय आवाजात जीव नाही म्हणणाऱ्यांनी क्वीनचं १९७५ चं 'गुड कंपनी' ऐकावं. त्यातला क्लॅरिनेट-ट्रॉम्बोनचा ताफा म्हणजे ब्रायनची गिटार आहे. ती वाजते बासवादक जॉन डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून बनवलेल्या ॲम्पमधून. त्यात जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, ट्यूब एकही नाही.

स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालवून पाहायला हरकत नाही, हेही ऐकू येतं. हरकत आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता शेवटचे दोन. इथे मात्र चेष्टा नको, जीव जाऊ शकतो.

हम येतो म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. गिटारीच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड होऊन २३० व्होल्ट चासीवर आले आणि अर्थिंग नसलं, तर ते थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतात. हम घालवायचा असेल तर आतली ग्राउंडची जोडणी तपासा.

दुसरा समज म्हणजे प्लग काढला की ॲम्प निर्धोक. एक ६व्ही६ ट्यूब असलेल्या पाच वॅटच्या छोट्या ॲम्पमध्येही फिल्टर कपॅसिटरवर ३५० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडते आणि कपॅसिटर जातो. १०० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायर आणि क्लिपा लावा. प्लग काढल्यावर एक क्लिप चासीला जोडा आणि दुसरी, एकच हात वापरून, कपॅसिटरच्या धन टोकाला. अर्धा मिनिट थांबा. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक फिल्टर कपॅसिटर वेगवेगळा तपासा. सगळीकडे शून्याच्या जवळ आकडा दिसला की सोल्डरिंग गन तापायला लावा.