विहिरीला पाणी किती?

1971 साली मी सातवीत होतो आणि माझं अक्षर बरं होतं. एवढ्या भांडवलावर गल्लीतल्या चार घरांचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्यातलं एक घर तात्यांचं. तात्यांचा भाचा नेव्हीत होता, आणि मामाचीच मुलगी करायची हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं. कुंकू लावून झालं होतं, लग्न रजेवर अडलं होतं.

गाव त्याला 'मिल्ट्रीत आहे' एवढंच म्हणे. आमच्या बीबी गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. खारं पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे लोणारचं सरोवर यायचं. त्यात भर म्हणजे जहाजाच्या यंत्रांचं शिक्षण त्यानं घेतलं ते लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर, म्हणजे डोंगरात. "जहाज डोंगरावर काऊन ठेवतात?" हा तात्यांचा प्रश्न मला काही सोडवता आला नाही.

टपालाची थैली एसटीनं यायची. आंतरदेशीय पत्र फोडणं ही एक कला आहे. घाईनं फाडलं की कडेच्या पट्टीवर दाटीवाटीनं लिहिलेल्या दोन ओळी डिंकाबरोबर जातात, आणि महत्त्वाचं नेमकं तिथेच असतं. मी पाण्याचं बोट फिरवायचो, डिंक सुटेपर्यंत थांबायचो, मग दाढीच्या जुन्या ब्लेडनं घडी उकलायचो. कोपऱ्यात बहुधा काळपट तेलाचा अंगठा उमटलेला असे. बॉयलरपाशी काम करणाऱ्या माणसाचं पत्र ते.

वाचन ओसरीवर, मोठ्यानं. ऐकायला तात्या, त्यांची म्हातारी आई, शेजारचे दोघे, आणि उधारी मागायला आलेला कुणी असला तर तोही. जिच्यासाठी हा खटाटोप ती आत, दाराआड धान्य पाखडत बसलेली. मी 'शि. सा. न. वि. वि.' म्हटलं की आतला सुपाचा आवाज थांबायचा.

पत्रात असायचं काय? जहाज कुठे आहे, कुठे चाललंय, परत कधी येणार, यातलं काहीच लिहायची मुभा त्याला नव्हती. 'मी आहे तिथे सुखरूप आहे.' मग आजीचे गुडघे, बैलजोडी, कापसाचा भाव. आणि शेवटी, न चुकता, 'विहिरीला पाणी किती आहे ते कळवावे.' श्रावणात झड लागलेली असतानाही हेच. तात्या खूश. "पोराचं ध्यान शेतीत हाये," असं ते उधारीवाल्याला सांगत.

उत्तर तात्या सांगत, मी लिही. ते 'कळावे' वर आले की आतून आवाज येई, "विहिरीचं राह्यलं."

"मंग सांग की तूच."

"काठोकाठ हाये म्हणा."

हे मार्चात. त्याच विहिरीवरून आमच्या घरी पाणी यायचं, आणि दोराला गाठ मारून तो वाढवावा लागत होता. पण पत्रलेखकानं वाद घालायचा नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा दीड महिना पत्र आलं नाही. पुढच्या उत्तरात तिनं सांगितलं, "एक परस उरलंय लिही, अन् तेही गढूळ." हे भर पावसाळ्यात.

पत्ता इंग्रजीत लिहावा लागे. जहाजाचं नाव, खाली 'केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे'. पुढची वाट त्या ऑफिसला ठाऊक. जहाज बंदराला लागलं की साचलेलं टपाल त्याच्यापर्यंत पोचायचं. त्यामुळे पत्रं उलटसुलट यायची. म्हणून तो वरच्या कोपऱ्यात आकडा टाकी. मी तो कधी वाचून दाखवला नाही. मला वाटे तो सरकारी आहे. पत्रं जपून ठेवणारीनं मात्र तो बरोबर ओळखला होता.

नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी टपालावर अधिभार बसला. 15 पैशांच्या आंतरदेशीयवर 5 पैशांचं जादा तिकीट. सरकारनं घाईघाईत कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून ती विकायला काढली होती. लग्न व्हायच्या आधीच तिच्या पत्रावर कुटुंब नियोजनाचं लाल तिकीट मी थुंकी लावून चिकटवलं. दाराआडून ती हसली होती, की मला तसं वाटलं.

मग युद्ध सुरू झालं. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला, तेव्हा गावात गूळ वाटला. 9 डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. बातमी रेडिओवरून गावात आली तेव्हा नाव कुणाला धड ऐकू आलं नव्हतं. 'क'वरून आहे, एवढंच. तात्यांनी मला शाळेतून उठवून आणलं. जुनी पत्रं पुढे टाकली आणि म्हणाले, "जहाजाचं नाव वाच. एकेक अक्षर वाच."

मी वाचलं, "के." कुणी श्वास घेत नव्हतं. "आय."

खुकरीचं दुसरं अक्षर 'एच' आहे, हे मास्तरांनी येऊन सांगेपर्यंत अर्धा तास गेला. त्या तुकडीतल्या जहाजांची नावंच तशी होती, खुकरी, कृपाण, कुठार. आणि त्या रात्री कृपाण खुकरीच्या सोबतच होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते बरंच झालं.

आठवड्यानं पत्र आलं. ओसरीवर आनंद झाला. ती पहिल्यांदाच उंबऱ्यावर आली, माझ्या हातातून कागद घेतला, कोपरा पाहिला आणि म्हणाली, "हे एकवीस. लढाईच्या आधीचं." आत निघून गेली. बावीस यायला आणखी बारा दिवस लागले. त्यात विहिरीचा प्रश्न दोनदा होता.

1972 साली पाऊस आला नाही. रस्त्याच्या कडेला खडी फोडायची कामं निघाली. तात्यांनी भाच्याला सगळं सविस्तर लिहायला सांगितलं, आणि या खेपेस विहिरीचंही स्वतःच सांगितलं, "विहीर पार आटली, थेंब नाही."

आतून आवाज आला, "तसं लिहू नको रं!"

"खोटं लिहाचं का मंग?" तात्या गरजले. मी खरं तेच लिहिलं, आणि पत्र पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी दुपारच्या एसटीतून तो उतरला. रजेची तार नाही, काही नाही. खांद्यावर पांढरी किटबॅग. घराकडे वळायच्या ऐवजी सरळ मळ्यात गेला आणि विहिरीत डोकावून पाहिलं. तळाला भेगाळलेला गाळ होता. काठावर टेकून तो एकटाच हसत सुटला, आणि मागून गेलेलो आम्ही पोरं त्याच्याकडे बघत राहिलो.