जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलताना: वेग नंतर, हिशेब आधी

आजचा भाग थेट कामशेतहून. ऐकताना मागे पावसाचा आवाज येतोय, तो एडिट केलेला नाही. जुलैत मावळातला पाऊस काढून टाकायचा म्हटलं तर भागच उरणार नाही!

तर झालं असं. आमची भाताची गिरणी आहे. आजूबाजूच्या गावांतून लोक इंद्रायणी भात भरडायला आणतात. गिरणीच्या ऑफिसात २०१२ सालचा एक कॉम्प्युटर आहे. अण्णा सकाळी तो चालू करतात, चहा पितात, दुकानासमोर झाडू मारतात, मग कुठे विंडोज उघडतं. मी म्हटलं, अण्णा, नवीन एसएसडी टाकू, पळायला लागेल. अण्णा म्हणाले, "टाक. पण आतला हिशेब गेला तर लोकांना काय सांगू रे?"

आजचा सगळा भाग याच प्रश्नावर आहे.

आधी बघू, हा डबा इतका हळू का?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या चकत्या फिरतात. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, सेकंदाला १२०. त्यावर एक बारीक हेड इकडून तिकडे सरकत माहिती वाचतं. दर वेळी नेमक्या जागी पोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. कमी वाटतात ना? पण मग सेकंदाला शंभरएकच उड्या होतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल वेगवेगळ्या जागांवरून वाचाव्या लागतात. तिथेच अण्णांचा चहा होतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे त्याच जातीची मेमरी. माहितीपर्यंत पोचायला एका मिलिसेकंदाचा दहावा भाग. म्हणून प्रोसेसर जुनाच राहिला तरी मशीन बदलल्यासारखं वाटतं.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा

एक, कनेक्शन. २०१२ च्या आसपासच्या डेस्कटॉपला साटा पोर्ट असतो, त्यामुळे अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. चपटी, पट्टीसारखी एम-डॉट-टू बघून भुलू नका, जुन्या मदरबोर्डवर तिला बहुतेक वेळा जागाच नसते.

दोन, आकार. जुनी डिस्क ५०० जीबीची असेल तर नवीन ४८० ची घेऊ नका. क्लोनझिलासारखी सॉफ्टवेअर लहान डिस्कवर क्लोन करायला सहसा नकार देतात. २० जीबीसाठी डोकेदुखी कशाला!

आता माझी फजिती

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. विंडोज, फाइल, सेटिंग, सगळं. मी कॅबिनेट उघडलं, आतलं तूस आणि धूळ ब्रशने काढली, नवीन डिस्क दुसऱ्या साटा केबलला जोडली. सॉफ्टवेअर विचारतं, कुठून आणि कुठे? दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या. मी निवडलं, पुढे, पुढे, आणि शेवटच्या 'नक्की का?' वर बोट असताना अण्णा मागून म्हणाले, "कॉपी काढलीस ना आधी?"

काढली नव्हती. थांबलो. स्क्रीन परत नीट वाचली, तर मी उलटं निवडलं होतं. कोरी डिस्क 'कुठून' मध्ये आणि अण्णांची 'कुठे' मध्ये. एक एंटर, आणि अकरा वर्षांची उधारी, जमा, कुणाची किती पोती, सगळं साफ. पावसापेक्षा जास्त घाम मला आला.

म्हणून मंडळी, क्रम पक्का करा:

१. आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. 'सावधान' आलं किंवा टक-टक आवाज येत असेल, तर क्लोनचा नाद सोडा. महत्त्वाच्या फाइल तेवढ्या लगेच बाहेर काढा.

२. महत्त्वाचं फोल्डर दोन जागी ठेवा. आम्ही एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी फोनच्या हॉटस्पॉटवरून क्लाउडवर चढवली.

३. दोन्ही डिस्कच्या लेबलवरचा मॉडेल नंबर कागदावर लिहा. एकापुढे 'जुनी', दुसऱ्यापुढे 'नवीन'. निवडताना आकार बघायचा नाही, हा नंबर बघायचा.

४. मगच क्लोन.

आमची मध्येच लाईट गेली. घाबरायचं कारण नाही, क्लोन करताना जुनी डिस्क फक्त वाचली जाते. लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू केलं, तासाभरात झालं. मग जुनी काढून ठेवली आणि एकट्या नवीनवर मशीन चालू केलं. सव्वीस सेकंद! अण्णांचा चहा अजून गाळायचा होता.

हे जादू नाही बरं

रॅम कमी असेल तर वीस टॅब उघडल्यावर मशीन रडणारच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे आमच्याकडे ऑनलाइन बँकेचं काम फोनवर होतं, कॉम्प्युटरवर फक्त हिशेब. लिनक्स मिंट टाकायचा विचार आहे, अण्णा तयार झाले की.

जुनी डिस्क लगेच विकू नका. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने माहिती पुसली जात नाही, ती परत काढता येते. आमची डिस्क सध्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात आहे. इथल्या दमट हवेत चपलेलाही बुरशी येते!

अण्णा आता दर शनिवारी पेन ड्राइव्ह लावून कॉपी काढतात, न सांगता. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. स्क्रू ड्रायव्हर नंतर शोधा, आज आधी कॉपी काढा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, छत्री विसरू नका!