चुनखडीचा पक्का हिशेब

समीकरण संतुलित का करतात?

रासायनिक अभिक्रियेत अणू नव्याने निर्माण होत नाहीत की नष्ट होत नाहीत. फक्त त्यांची जुळणी बदलते. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या १७८९ च्या ग्रंथात हा नियम आहे. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच भरावे लागतात. भट्टीत १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीची (कॅल्शिअम कार्बोनेटची) ५६ ग्रॅम चुनकळी होते, तेव्हा वस्तुमान घटल्यासारखे वाटते. पण उरलेले ४४ ग्रॅम वायुरूपात हवेत गेलेले असतात. हीच अभिक्रिया बंद पात्रात केली, तर एकूण वस्तुमान १०० ग्रॅमच राहते.

- अपघटन (सुमारे ९०० अंश सेल्सिअस, उष्माग्राही): चुनखडी १०० → चुनकळी ५६ + कार्बन डायऑक्साइड ४४
- संयोग (उष्मादायी): चुनकळी ५६ + पाणी १८ → विरी चुना ७४
- भिंतीवरचा चुना (हवेत सावकाश): विरी चुना ७४ + कार्बन डायऑक्साइड ४४ → कॅल्शिअम कार्बोनेट १०० + पाणी १८

(सर्व आकडे ग्रॅममध्ये)

लक्षात ठेवा: संतुलन करताना रेणूंची संख्या बदलते, रेणुसूत्र नाही. सूत्र बदलले की पदार्थच बदलतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढवला, तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते.