भाव विमानाचा, भाडं लोकलचं

नवी मुंबईतल्या उलव्यात फ्लॅट दाखवणारा एजंट आधी गच्चीवर नेतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असला तरी. गच्चीवरून एकीकडे पनवेलची खाडी आणि तिवरांचा हिरवा पट्टा दिसतो, खाडीपलीकडे सीवूड्सचे टॉवर. दुसरीकडे समुद्रात शिरलेली अटल सेतूची रेघ, आणि पूर्वेला तोंड केलं की विमानतळ. एवढं सगळं बोटाने दाखवून झालं की मग तो भाव सांगतो. खाली येऊन फ्लॅटची खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीतल्या बाईंचं किचन असतं, पण तोवर आकडा कानात बसलेला असतो.

या उपनगरात दोन फ्लॅट माझ्या देखरेखीखाली आहेत. एक आमचा, दुसरा आखातात नोकरीला असलेल्या दिरांचा. भाडेकरू शोधण्यापासून डिपॉझिट परत करेपर्यंतचं सगळं मीच बघते. लोकांना वाटतं हे बसल्या जागी पैसे मिळवणं आहे. बसल्या जागी फक्त सोसायटीचं बिल मिळतं.

खरेदीपासून सांगते. उलव्यातली जमीन शहर कशी झाली हे ठाऊक नसताना इथे घर घेऊ नये, कारण तो इतिहास तुमच्या फाइलमध्ये कागद होऊन येतो. 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या गावांची भातशेती आणि मिठागरं नव्या शहरासाठी संपादित झाली. मोबदल्यावरून आंदोलन पेटलं. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, त्यात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. उलव्यातल्या कितीतरी इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत.

म्हणून कागदांची साखळी अशी असते: सिडकोने शेतकऱ्याला भूखंड दिला, तोही भाडेपट्ट्याने, शेतकऱ्याने बिल्डरशी व्यवहार केला आणि सिडको, शेतकरी, बिल्डर असा त्रिपक्षीय करार झाला, मग बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला फ्लॅट विकला, आणि पहिल्याने दुसऱ्याला. जुना फ्लॅट घेताना यातली एकही कडी गहाळ चालत नाही. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मूळ शेतकऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का?" एजंट हसला. वकील हसले नाहीत. वारसांत एखादी लग्न होऊन गेलेली बहीण राहून गेली असेल, तर ती पुढे केव्हाही हक्क सांगू शकते, आणि भूखंडाला सोन्याचा भाव आल्यावर सांगतेच. तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी सगळीकडच्यासारख्या. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेली इमारत असेल तर जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर साधारणपणे पाच टक्के. नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, हे आमच्या घरी मीच सांगितलं. 'सेलेबल' हा शब्द ऐकला की लगेच कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती ते विचारायचं. रेरा कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रफळावर करायची असते, पण एजंटच्या तोंडातून सेलेबल काही जात नाही. हजार स्क्वेअर फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आत गेल्यावर आखडतो.

आता मुद्द्याचं. उलव्यात फ्लॅटची किंमत आणि फ्लॅटचं भाडं या दोन गोष्टी दोन वेगळ्या कारणांनी वाढतात, आणि गुंतवणूक म्हणून घेणारे बहुतेक जण त्या एकच समजतात.

किंमत वाढते ती बातमीवर. फेब्रुवारी 2018 मध्ये विमानतळाचं भूमिपूजन झालं, भाव हलला. उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. त्या काळात स्फोटांनी इमारती हादरायच्या, खिडकीच्या कठड्यावर धूळ साचायची, भाव मात्र बसला नाही. 12 जानेवारी 2024 ला मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं, पुन्हा वाढ. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला विमानं उडाली, तोवर नाक्यानाक्यावर 'विमानतळापासून दहा मिनिटे'चे बोर्ड लागून उन्हाने फिकेही झाले होते.

भाडं वाढतं ते भाडेकरूच्या रोजच्या सोयीवर. 11 नोव्हेंबर 2018 ला नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल आली, तेव्हा भाड्यात खरा फरक पडला. त्याआधी फ्लॅट बघायला येणारा माणूस विचारायचा, "बस किती वाजेपर्यंत असते?" नंतर विचारू लागला, "स्टेशन चालत किती?" बामणडोंगरी किंवा खारकोपर स्टेशनला चालत जाता येत असेल तर त्या फ्लॅटला शेजारच्या सेक्टरपेक्षा जास्त भाडं मिळतं, आणि तो रिकामाही कमी राहतो. पुलाने असं काही केलं नाही. कारने पूर्ण पूल ओलांडायला एका बाजूचे 250 रुपये पडतात. महिना वीस हजार भाडं देणारा माणूस तो टोल रोज भरत नाही. पूल मालकाच्या बोलण्यात येतो, भाडेकरूच्या बोलण्यात लोकल. ती चुकली की पुढची कधी, हा उरण मार्गावर आजही कळीचा प्रश्न आहे.

आकडे मांडून बघू. समजा फ्लॅट 80 लाखांचा आणि भाडं 20 हजार. वर्षाचे 2 लाख 40 हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून महिना तीन हजार मेंटेनन्स गेला. वर्षाकाठी सरासरी एखादा महिना घर रिकामं जातंच. दोन वर्षांतून एकदा एजंटला एका महिन्याचं भाडं आणि रंगाला पंचवीसेक हजार. हातात राहतात 1 लाख 60 हजारांच्या आसपास, म्हणजे दोन टक्के. आता 60 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं असेल तर हप्ता सुमारे 52 हजार. खर्च जाऊन हाती राहणारं भाडं त्यात टाकलं तरी दरमहा साडेअडतीस हजार खिशातून. हे गणित एजंटसमोर मांडलं की तो म्हणतो, "मॅडम, अप्रिसिएशन बघा." म्हणजे आपण परत गच्चीवर.

राहायला येतात कोण? पूर्वी जास्त करून न्हावा-शेवा बंदराशी जोडलेली माणसं यायची. कस्टम क्लिअरिंगवाले, कंटेनर यार्डात काम करणारे, शिपिंग कंपन्यांच्या ऑफिसातले. शिवाय बेलापूरला नोकरी आणि वाशी-नेरूळचं भाडं न परवडणारी कुटुंबं. विमानतळ सुरू होण्याच्या बेताला तिसरी जात आली, ती म्हणजे शिफ्टवाली मुलं-मुली. सुरक्षा, सामान चढवणं-उतरवणं, काउंटर, कॅन्टीन. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तिघं-चौघं वाटून राहतात, भाडं वेळेवर देतात, कारण उशीर करणाऱ्याला बाकीचेच सोडत नाहीत. फक्त त्यांची सकाळ मध्यरात्री उजाडते.

इथे सोसायटी मध्ये येते. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, बॅचलर नकोत, फॅमिलीच हवी. मी त्यांना सहकार खात्याचे आदर्श उपविधी दाखवले. सभासदाने घर भाड्याने दिल्याचं सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. घर भाड्याने दिल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा 2001 चा शासन आदेश आहे. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "कायदा बरोबर आहे ताई, पण रात्री अडीचला लिफ्टचा दरवाजा आपटल्यावर उठणार आम्ही. तुम्ही राहता कुठे?" यावर उत्तर नव्हतं. शेवटी मुलांशी मीच बोलले, रात्री येता-जाता जिना वापरायचा असं ठरलं. भाड्याच्या धंद्यात कायद्याची कलमं पाठ असावीत, पण निम्मी कामं अशीच होतात.

कराराच्या बाबतीत मात्र तडजोड नको. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे घरमालकाचं कर्तव्य आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायचं काम मालकाचं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवणारे पुष्कळ आहेत. खर्च वाचतो म्हणतात. किती वाचतो? वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, दोन वर्षांचा करार धरला तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का, म्हणजे 1,230 रुपये. वर हजाराच्या आतबाहेर नोंदणी फी आणि घरी येणाऱ्या माणसाचे पैसे.

तो माणूस रात्री साडेनऊला येतो, कारण दिवसा सगळे कामावर. पाठीवरच्या बॅगेतून लॅपटॉप, वेब कॅमेरा आणि अंगठ्याचं काळं यंत्र काढतो, जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी सरकवून ते मांडतो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, एकेकाने आधार नंबर सांगायचा, काचेवर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्यात बघायचं. तरुणांचे अंगठे पटकन उमटतात. साक्षीला आणलेले आमचे शेजारी आयुष्यभर प्रेसमध्ये काम केलेले, त्यांचा एकही ठसा यंत्राला पटेना. माणसाने सराईतपणे खिशातून ओला रुमाल काढला, बोट पुसलं, "काका, जरा केसांवरून फिरवा" म्हणाला, आणि तेलकट बोटाचा ठसा पहिल्या झटक्यात लागला. मग सगळं दुय्यम निबंधकांकडे ऑनलाइन जातं, आणि नावातलं एखादं अक्षर आधारशी जुळलं नाही तर तितक्याच वेगाने परत येतं. करार झाला की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवायची.

मुदत संपल्यावर भाडेकरू हलत नसेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. अजून ती वेळ आली नाही.

खाडीकाठच्या घराचा एक खर्च मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. खारा वारा. खाडीकडच्या खिडकीचं ग्रिल दुसऱ्या पावसाळ्यानंतर सांध्यांपाशी फुगतं; नख लावलं की तांबडा पापुद्रा सुटून येतो. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्याच्या पट्ट्या पांढऱ्या पडून भुकटी होतात. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मार, आत ओल, ओलीवर पोपडे. चावी परत घेताना भाडेकरू आणि मी दोघं मिळून फ्लॅटभर फिरतो: महावितरणच्या मीटरचा फोटो, नळ उघडून बघायचे, बाथरूमच्या दाराचा खालचा भाग, ओट्याखालचं कपाट. यातलं गंजलेलं आणि ओल आलेलं भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापू नये. ते त्याने केलेलं नाही, समुद्राने केलंय. कापणारे मालक मला माहीत आहेत. त्यांचे फ्लॅट पुढे जास्त दिवस रिकामे राहतात, कारण एजंट लोक भाडेकरूंनाही सांगत असतात.

इथला सगळ्यात शहाणा घरमालक मला विचाराल तर तो टॉवरमध्ये नाही, गावठाणात आहे. गव्हाण, वहाळ, मोरावे अशा आगरी-कोळी गावांतून लोकांनी घराशेजारी किंवा वरती मजले चढवून खोल्या काढल्या. सरकारी भाषेत ती 'गरजेपोटी बांधलेली घरं'. ती नियमित करण्याचे शासन निर्णय आले, पुन्हा आले, प्रश्न लोंबकळतच आहे. कागद नाही म्हणून कर्ज नाही, विक्री अवघड. पण भाड्याच्या हिशोबाने बघा. जमीन बापजाद्यांची, बांधकाम टप्प्याटप्प्याने, भाडेकरू बंदरात किंवा विमानतळावर काम करणारा, मालकीण खालीच राहते. खोली रिकामी झाली की संध्याकाळपर्यंत दुसरा येतो. विमानतळ होणार म्हणून तिने खोल्या बांधल्या नाहीत. शेती गेल्यावर दुसरं काय करणार म्हणून बांधल्या.

तेव्हा, रोख पैसा आहे, दहा वर्षं थांबायची तयारी आहे आणि कागद स्वच्छ आहेत, तर उलव्यात जरूर घ्या. विमानतळ आता कागदावर नाही, आणि किनाऱ्याच्या रस्त्याचं कामही चालू आहे. पण भाड्यातून हप्ता फेडायचा बेत असेल तर घेऊ नका. आणि घ्यायचंच ठरलं, तर गच्चीवर जाऊ नका. सकाळी आठला स्टेशनपासून त्या इमारतीपर्यंत चालत या, वाटेत पाण्याचे टँकर कुठल्या गेटसमोर उभे आहेत ते बघा, आणि मग भाव बोला.